घरची शाळा आणि कोरी वही

‘मुलाला आम्ही घरीच शिकवतो, मग दाखल्यांचे आणि नोंदींचे जोखड कशाला?’ असा प्रश्न अलीकडे काही सुशिक्षित पालक आम्हांस करतात. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पालक हे मुलांचे आद्य शिक्षक होत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक घोषणापत्रात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. परंतु त्याच घोषणापत्राने या हक्काबरोबर गंभीर कर्तव्यही सांगितले आहे, याचा या पालकांना सोयीस्कर विसर पडतो.

कायदा काय म्हणतो? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वर्षांच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. ते न पाळणाऱ्या पालकाला अधिनियमात शिक्षा सांगितलेली नाही, हे खरे. पण शिक्षा नाही म्हणजे परवानगी मिळाली, हा कुठला न्याय? घरच्या शाळेची नोंदणी कशी करावी, दप्तर कसे ठेवावे, याविषयी अधिनियम मौन पाळतो. शासनाने हे मौन सोडावे, ही आमचीही मागणी आहे. तोवर मात्र या मौनाची किंमत मूल मोजते.

एक माता पंधरा वर्षांच्या लेकीला घेऊन आमच्याकडे आली. मुलगी बुद्धिमान, परंतु शाळा सोडल्याचा दाखला कधी घेतलाच नव्हता, आणि आठ वर्षांच्या अभ्यासाची तारीख घातलेली एकही वही घरात नव्हती. जन्मतारखेचा म्हणून जो कागद होता, तो आमच्याच नोंदवहीतील बाप्तिस्म्याचा उतारा! माता बोलत होती, मुलगी खाली मान घालून बसली होती. चूक तिची नव्हती.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची वाट चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना खुली आहे; राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्जही आहे. पण तेथेही कागद लागतात. म्हणून जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जपा. वर्षारंभी अभ्यासक्रम लिहा. वह्यांवर तारखा घाला. दरमहा काय शिकवले, काय राहिले, ते प्रामाणिकपणे नोंदवा. जो पालक हे लिहू शकत नाही, त्याने आपण खरोखर शिकवतो काय, हे स्वतःला विचारावे.

तुमच्या लेकराचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याचे नाव आम्ही विनाविलंब नोंदवहीत लिहिले. त्याच्या शिक्षणाची नोंद ठेवण्याचा तुम्हांला कंटाळा का यावा?