डेनट्रीच्या काठी अर्धा दिवस

ब्रिस्बेनला मुलाकडे दोन महिने राहून परतल्यावर तेथील वृत्तान्त लिहावा, असे काही स्नेह्यांनी सुचविले. शहराविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मॉल सर्वत्र सारखेच. जून महिन्यात उत्तर क्वीन्सलँडमध्ये घालविलेला एक अर्धा दिवस मात्र मनातून जात नाही.

जाताना बॅगेत एक कागद होता. गगनबावड्याच्या बाजूला आमची साडेतीन एकर रानजमीन आहे. हिरड्याच्या व्यापारात थकलेल्या उधारीपोटी ती वडिलांकडे आली. झाडी तोडून तेथे प्लॉट पाडू इच्छिणारे गिऱ्हाईक मिळाले होते. धाकट्या भावाची सही झाली होती, माझी राहिली होती. भावाला दुकानाच्या कर्जापायी पैशांची निकड. तेव्हा ‘पाहू’ म्हणून किती दिवस टाळणार?

पोर्ट डग्लसहून सकाळी साडेसातला गाडी निघाली. दोन्ही बाजूंना ऊस आणि त्यातून जाणारे उसाच्या आगगाडीचे अरुंद रूळ. ‘अहो, हे तर आपले शिरोळच!’ सौभाग्यवती म्हणाल्या. वीस-पंचवीस मिनिटांत मॉसमनची घळ आली आणि शिरोळ संपले.

ही भूमी कुकू यलंजी लोकांची. वाटाड्याही त्यांच्यातलाच, पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ. प्रथम त्याने ओल्या पाल्याचा धूर करून आम्हा सर्वांना त्यातून फिरविले. पूर्वजांची अनुज्ञा घेतल्याशिवाय रानात पाऊल टाकावयाचे नाही. पुढे एका झाडाची पाने पाण्यात चुरगाळून त्याने हातावर फेस काढून दाखविला. रिठ्याचीच आठवण झाली. काटेरी वेताला तेथे ‘जरा थांब’ अशा अर्थाचे नाव आहे. त्याचे आकडे कापडात असे अडकतात की मागे सरल्याशिवाय सुटका नाही. माझ्या सदऱ्याने त्याचा अनुभव घेतला.

एका बीची हकीगत त्याने सांगितली, ती विशेष वाटली. इडिओस्पर्मम नावाचे अतिप्राचीन कुळातील झाड १९०२ मध्ये एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला आढळले होते. नंतर ते नष्ट झाले अशीच समजूत होती. १९७१ मध्ये डेनट्री भागात एका शेतकऱ्याची गुरे मेली, त्यांच्या पोटात ही विषारी बी सापडली आणि झाडाचा पुन्हा शोध लागला. वहीतून वजा झालेले खाते सत्तर वर्षांनी जिवंत निघावे, तसेच हे. आम्हा बँकवाल्यांना असा योग सहसा येत नाही.

नंतर नदी. डेनट्रीचे पाणी भरती-ओहोटीने चढते-उतरते. काठाला आपल्या कोकणच्या खाडीसारखीच खारफुटी, चिखलातून वर आलेली तिची श्वसनमुळे. थंडीच्या दिवसांत मगरी ऊन खात चिखलावर पडून असतात. एक प्रचंड मगर बोटीपासून वीस हातांवर होती. डोळा उघडला, मिटला, एवढेच. कातड्यासाठी येथे मगरींची बेसुमार शिकार झाली होती. १९७४ मध्ये क्वीन्सलँडने त्यांना संरक्षण दिले, तेव्हा कोठे त्या पुन्हा वाढल्या.

नदीवर पूल नाही. तारेवर ओढला जाणारा तराफा मोटारी पलीकडे नेतो. पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून नावाड्याने जे सांगितले, ते ऐकताना मी पाण्याकडे पाहणे विसरलो. १९८०च्या दशकाच्या आरंभी त्या रानाचे हजाराहून अधिक प्लॉट पाडून विकले गेले. कित्येकांनी जागा न पाहताच पैसे भरले. सरकारी वीजवाहिनी तेथे आजही पोहोचलेली नाही. १९८८ मध्ये राज्य सरकारचा विरोध असतानाही हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण खासगी प्लॉट खासगीच राहिले. म्हणून पुढे सरकारने आणि देणगीदारांच्या संस्थांनी ते एकेक करून परत विकत घ्यावयास आरंभ केला, आणि ते काम अजून चालूच आहे. राष्ट्रीय उद्यान मात्र २०२१ मध्ये कुकू यलंजींच्या मालकीत परत देण्यात आले.

मनात हिशेब सुरू झाला. स्वस्तात विकलेले रान पुन्हा रानच राहावे, म्हणून दुसऱ्यांदा पैसे मोजावयाचे! नोकरीत असताना मीही कित्येक लेआउटना कर्ज मंजूर केले. तारण तपासले, सात-बारा तपासला, त्यावर काय उभे आहे हे पाहण्याचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

बारा वाजता धक्क्यावर उतरलो. दशम्या आणि शेंगाचटणी बरोबर होती. ती खात असताना सौभाग्यवतींनी विचारले, ‘कागदाचे काय ठरले?’ मी काही बोललो नाही.

त्या रात्री भावाला फोन केला. सही करीत नाही, हे सांगितले. पण त्याचे कर्ज माझ्या ‘नाही’ने फिटणार नव्हते. तेव्हा त्याचा अर्धा हिस्सा मीच घेतो, दोन मुदतठेवी मोडून निम्मी रक्कम दिवाळीपूर्वी आणि उरलेली तीन हप्त्यांत देतो, असे म्हटले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

‘अण्णा,’ अखेरीस तो म्हणाला, ‘दर कोणता धरणार? गिऱ्हाइकाचा, की रानाचा?’

मी गिऱ्हाइकाचा धरला. पहिली रक्कम पोहोचली आहे.