बाकावरच्या बाईचा लिलाव

नरडाण्याहून धुळ्याला सोनोग्राफीसाठी जायचं म्हणजे बाईची एक दिवसाची मजुरी बुडते. सकाळी एसटी गाठायची, नंबर लावायचा आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहायचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका सात महिन्यांच्या गरोदर मैत्रिणीबरोबर मी अशीच एका खाजगी प्रसूतिगृहात बसले होते. दवाखान्याचं नाव देत नाही. प्रश्न त्या एकाच दवाखान्याचा असता तर हा लेख लिहिलाच नसता.

समोरच्या भिंतीवर भला मोठा डिजिटल पडदा होता. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही कायद्याने सक्तीची पाटी त्याच्या शेजारी, कुंडीतल्या झाडामागे गेलेली. पडद्यावर आलटून पालटून गरोदर बाईनं प्यायची पावडर, हप्त्यांवर टेस्ट ट्यूब बेबी, गोरं करणारं मलम, आणि बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवण्याची योजना. ही शेवटची जाहिरात तीन तासांत अकरा वेळा लागली. मी मोजलं, दुसरं काम नव्हतं. आमच्या शेजारी लग्नाला आठ वर्षं होऊनही मूल नाही म्हणून आलेली एक बाई बसली होती. गुबगुबीत बाळ पडद्यावर आलं की ती खिडकीकडे तोंड फिरवायची. आवाज कमी करा म्हणून सांगायला गेले, तर काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "ते आमच्या हातात नाही, मॅडम."

माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "ताई, हाऊ टीव्ही कोना शे?" मी म्हटलं, डॉक्टरांचा. माझं उत्तर चुकलं होतं.

ते महिन्याभरानं कळलं. अशाच पडद्यांचा धंदा करणाऱ्या कंपनीचा एक तरुण आमच्या संस्थेत आला. नम्र, मराठी बोलणारा, हातात लॅपटॉप. 'भागीदारी' हा शब्द त्यानं पुन्हा पुन्हा वापरला. पडदा कंपनीचा, भिंत डॉक्टरांची, जाहिरातीच्या पैशात दोघांचा वाटा. तुमच्यासारख्या संस्थांनी आरोग्याचे संदेश द्यावेत, ते आम्ही फुकट दाखवू.

जाहिरात कोण निवडतं, हे मी विचारलं. उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी दुकानदार येऊन भिंत भाड्यानं घेई, काय रंगवायचं ते भिंतीचा मालक आधी पाही. आता पडदा आपल्या रिकाम्या दहा सेकंदांची बोली पुकारतो: अमुक शहर, अमुक वेळ, प्रसूतिगृहाचा प्रतीक्षाकक्ष. जाहिरातदारांची संगणकं सेकंदाच्या अंशात बोली लावतात, जास्त देणाऱ्याची जाहिरात झळकते. समोर किती जणी असतील याचा अंदाज बांधून एकदा दाखवलेली जाहिरात तितक्या जणींनी 'पाहिली' असं मोजतात. बाईचं नावगाव विचारायची गरजच पडत नाही. ती त्या बाकावर बसली आहे, एवढ्यावरूनच ती गरोदर आहे, घाबरलेली आहे आणि उठून जाऊ शकत नाही हे विकत घेणाऱ्याला कळतं. लिलाव सेकंदांचा म्हणतात, पण किंमत लागते ती तिच्या अगतिकतेला.

नको असलेले प्रकार डॉक्टरांना बंद करता येतात, हे तो तरुण सांगायला विसरला नाही, आणि ते खरं आहे. पण जितकी यादी लांब तितकी बोली कमी, मग वाटा कमी. ती यादी किती लांब राहील, हे ओळखायला एम.एस.डब्ल्यू. व्हावं लागत नाही.

कायदे नाहीत असं नाही. बाटलीच्या दुधाबाबतचा 1992चा कायदा बाळाच्या पर्यायी दुधाच्या जाहिरातीला बंदी घालतो, आणि त्यासाठी दवाखान्याचा वापर करायलाही. 2003च्या दुरुस्तीनं जाहिरातीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमही आलं. मासिक पाळीच्या तक्रारींवर औषधं सुचवणाऱ्या जाहिरातींना 1954चा जादुई उपायांविरुद्धचा कायदा मनाई करतो. पण हे सगळे कायदे जाहिरात कुणी लावली ते सापडेल असं धरून चालतात. अकरा वाजता दिसलेली जाहिरात पावणेबाराला नसते. डॉक्टर कंपनीकडे बोट दाखवतील, कंपनी यंत्राकडे. शिवाय बंदीतल्या डब्याऐवजी त्याच नावाची आईची पावडर दाखवायला कुणाची हरकत?

नाळेच्या रक्ताचंच घ्या. स्वतःच्याच बाळासाठी ते खाजगी पेढीत साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कापूस वेचणाऱ्या बाईला ते डॉक्टरांच्या भिंतीवरून सांगितलं की तो डॉक्टरांचाच सल्ला होतो. परतीच्या एसटीत माझ्या मैत्रिणीनं विचारलं, ते नाही केलं तर बाळाला काही होईल का?

'यंत्रानं केलं' ही सबब आपण याआधी ऐकलेली आहे. ऐंशीच्या दशकात गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत लागत, तेव्हा मुंबईतल्या मैत्रिणी लढल्या आणि 1988मध्ये महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. 1994मध्ये केंद्राचा आला. पुढे जाहिराती इंटरनेटवर गेल्या. डॉ. साबू जॉर्ज यांनी 2008मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी अडचणी सांगितल्या, पण न्यायालयाच्या रेट्याखाली 2016मध्ये असे शोध आपोआप अडवायला त्या तयार झाल्या. करायचं ठरवलं तर यंत्राला करता येतं. आपल्या खानदेशात ही गोष्ट विसरून चालणार नाही. 2011च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या, राज्यात 894.

आणि हा धंदा निदान आपल्या गिऱ्हाइकाशी तरी प्रामाणिक असतो का? अमेरिकेत शिकागोच्या आउटकम हेल्थ या कंपनीनं दवाखान्यांत असे पडदे लावले. जितके लावले त्याहून जास्त दाखवून औषध कंपन्यांकडून पैसे घेतले. 2023मध्ये तिचे संस्थापक ऋषी शाह आणि श्रद्धा अग्रवाल फसवणुकीबद्दल दोषी ठरले, 2024मध्ये शाह यांना साडेसात वर्षांची शिक्षा झाली. खटला चालला तो जाहिरातदारांना, सावकारांना आणि गुंतवणूकदारांना लुबाडल्याचा. बाकावरच्या पेशंटचं काय, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

आता अडचणीचं. ते फुकट संदेश घ्यायला मी आधी तयार झाले होते. आमच्यातली एक ज्येष्ठ कार्यकर्ती अजूनही म्हणते की घ्यायला हवे होते. गावोगाव पथनाट्य करून जितक्या बाया भेटत नाहीत तितक्या त्या बाकांवर रोज बसतात, आणि कौटुंबिक हिंसाचारासाठीचा 181 हा क्रमांक तिथे सासूच्या देखत झळकला तर बिघडलं कुठे? तिचं म्हणणं खोटं नाही. मी दोन रात्री त्यावर घालवल्या. पण आपला संदेश दोन बोलींच्या मधल्या, न विकल्या गेलेल्या फटीत लागणार. त्याच्या आधी गोरं करणारं मलम, नंतर कर्ज. आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर कंपनी आपलंच नाव पुढे करील, महिला संघटना आमच्याबरोबर आहेत म्हणून. आम्ही नाही म्हणून कळवलं. एका मतानं.

त्या एका मताचं ओझं आहे, म्हणून नुसतं नाही म्हणून थांबलो नाही. 181 क्रमांकाचं आणि पाळणाघराच्या माहितीचं पोस्टर आम्ही स्वतः छापलं आणि ज्या दवाखान्यांनी परवानगी दिली तिथे, बायकांच्या संडासात, दाराच्या आतल्या बाजूला लावलं. तिथे सासू वाचत नाही. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन दिलं आहे: प्रतीक्षाकक्षातल्या पडद्यावर काय दाखवलं याची रोजची नोंद दवाखान्यानं ठेवावी, ती मागेल त्या पेशंटला दाखवावी, आवाज बंद असावा आणि सरकारी दवाखान्यात असा पडदा येऊच नये. उत्तर आलेलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या तालुक्यात असे पडदे कुठे लागले आहेत ते पाहा. एक दुपार बाकावर बसा, वही घेऊन जा, वेळ आणि जाहिरात लिहून काढा. नाव घालायचं नसेल तर घालू नका, पण तारीख घाला. पुढच्या अंकाच्या आत वह्या आमच्याकडे पोचल्या तर त्या एकत्र करून आम्ही दुसरं निवेदन जिल्ह्याला देणार आहोत.