जुगाड कुणाचा?

ओम्नीचं हेड परवा घरीच बसवलं, तर गॅरेजवाला हसतो, "काका, जुगाड करू नका." अरे, मागच्या साली तूच बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळलेस अन् महिन्यात गॅस्केट गेलं. ऐन वेचणीत गाडी उभी, मजुरी दोनदा!

टॉर्क पाना परवडत नाही, खरंय. मी कापूस मोजायचा हुकाचा काटा पान्याच्या पाइपाला लावला. बोल्टच्या मध्यापासून अर्धा मीटर, काटकोनात 12 किलो ओढ, म्हणजे 6 केजी-मीटर. आकडा आपल्याच गाडीच्या पुस्तकातला घ्या. मधल्या बोल्टपासून बाहेर, तीन टप्प्यांत. मी मोजलं तो जुगाड, अन् अंदाज म्हणजे कारागिरी?

काटा आधी माहीत वजनावर तपासा. आमचा पाव किलो कमी दाखवत होता. त्याच काट्यावर दोन वर्षं कापूस मोजून दिला!