शिरगणतीचे मास्तर दारात आले म्हणजे



घोटीच्या भात गिरणीत पोते काट्यावर चढल्याशिवाय व्यापारी पैसे देत नाही. शेतकऱ्याने कितीही सांगितले, "शेठ, यंदा दाणा चांगला भरला आहे," तरी शेठचे डोळे काट्यावरच असतात. सरकारचा कारभारही असाच चालतो. मोर्चे निघाले पाहिजेत, निवेदने गेली पाहिजेत, यात शंका नाही. परंतु शेवटी साहेब विचारतो, तुम्ही आहात किती? शिकलेले किती? या प्रश्नाला आकड्याचे उत्तर नसेल तर रास्त मागणीही कागदातच राहते. आणि हा आकडा येतो कोठून? तो येतो तुमच्या-माझ्या दारातून, दर शिरगणतीला.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले होते. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली अहवाल आला आणि त्यानंतर मागासवर्गीयांसाठी सरकारात स्वतंत्र खाते सुरू झाले. आपला नाशिक जिल्हा त्याच मुंबई इलाख्यात होता. म्हणजे आधी चौकशी, मग खाते.

पुढे १९३२ साली मताधिकाराचा विचार करणारी लोथियन समिती आली. तिचेही बाबासाहेब सभासद होते. तेव्हा काही प्रांतांतून सवर्ण मंडळी सांगू लागली, आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच! कालपर्यंत ज्यांची सावली चालत नव्हती, ते एकाएकी गेले कुठे? कारण उघड होते. संख्येवर प्रतिनिधी मिळणार हे कळताच संख्याच लपवण्याची खटपट सुरू झाली. बाबासाहेबांनी समितीत राहून याविरुद्ध आकड्यांनिशी झुंज दिली.

आता आपल्याच घरचा आकडा पाहू. १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध होते अवघे २,४८७. पुढे १९५६ चे धर्मांतर झाले, आणि १९६१ साली हाच आकडा झाला २७,८९,५०१. आपल्या आजी-आजोबांनी दारात उभे राहून, काहींनी अंगठा उठवून, "आम्ही बौद्ध" असे सांगितले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० उजाडावे लागले. त्या वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला.

त्याचा परिणाम लगेच दिसला. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, ते १९९१ साली सुमारे ११ टक्के झाले. दहा वर्षांत समाज एवढा वाढला काय? नाही. माणसे तीच होती. पूर्वी ती मोजणीबाहेर पडत होती, ती मुख्यतः आता आत आली. पुढे २००१ च्या शिरगणतीवरून मतदारसंघांची नवी आखणी झाली, ती २००८ पासून लागू झाली. विधानसभेच्या अनुसूचित जातींच्या राखीव जागा १८ वरून २९ झाल्या, लोकसभेच्या ३ वरून ५ झाल्या. आपला इगतपुरी मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आणि देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव, हेही या मोजणीतूनच ठरते.

आकडा नसला म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील ओबीसी बांधवांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांतील आरक्षणाबाबत निकाल दिला. मागासलेपणाची पाहणी करून माहिती गोळा केल्याशिवाय हे आरक्षण देता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. मग बांठिया आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल आला, आणि जुलै २०२२ मध्ये मार्ग मोकळा झाला. परंतु घाईघाईच्या त्या कामात आडनावावरून जात ठरवली, अशा तक्रारी झाल्या. आडनावावरून माणूस ओळखता येतो काय? आपल्यात पवार आहेत, जाधव आहेत, गायकवाड आहेत, आणि इतर समाजांतही आहेत. आपण बोललो नाही तर दुसरा कोणी आपल्या वतीने अंदाज बांधतो, तो असा.

१ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना मिळाली. त्यावर समाजात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण बाजू कोणतीही असो, कोणाला किती मिळाले याचा वाद आता आकड्यांवरच लढला जाणार आहे.

म्हणून पुढची शिरगणती महत्त्वाची. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तीत सर्वांची जात मोजण्याचा निर्णय घेतला. माणसे मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेला आहे.

इथे आपल्या घराघरांत एक प्रश्न उभा राहतो. तरुण मुले विचारतात, "जात सोडली म्हणून तर आपण बौद्ध झालो, मग पुन्हा जात का लिहायची?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, स्वाभिमानाचा आहे. त्याला दटावून गप्प बसवू नये. त्याचे उत्तर असे देता येईल. अत्याचार झाला तर ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीत आपण जात लिहितो. ती अभिमानाने मिरवण्यासाठी लिहितो काय? ज्या कारणाने अन्याय झाला ते कारण नोंदवल्याशिवाय कायदा हलत नाही, म्हणून लिहितो. शिरगणतीतली नोंदही तशीच आहे. धर्म हा आपला निर्णय आहे, जात ही समाजाने आपल्यावर लादलेली वस्तुस्थिती आहे. दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत खरे सांगण्यात धम्माला बाध येत नाही.

उलट एकच सांगितले तर नुकसान होते. धर्म "हिंदू" सांगितला तर बौद्धांची संख्या घटते. जात सांगितलीच नाही, किंवा जातीच्या जागी नुसते "नवबौद्ध" सांगितले, तर अनुसूचित जातींची संख्या घटते, कारण त्या यादीत तसे नाव नाही. धर्म बौद्ध, आणि जात आपल्या दाखल्यावर असेल ती. १९९० नंतर यात सवलत जाण्याची भीती नाही.

बौद्ध म्हणून नोंद झाल्यानेच आणखी एक गोष्ट जगाला कळली. २०११ साली देशाची साक्षरता ७३ टक्के होती, बौद्धांची ८१ टक्के. दर हजार पुरुषांमागे देशात ९४३ स्त्रिया होत्या, बौद्धांत ९६५. धुणीभांडी करून, भात लावणीला जाऊन ज्या माउल्यांनी लेकरांना शाळेत धाडले, त्यांच्या कष्टाची ही सरकारी पावती आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. मास्तर किंवा बाई येतील तेव्हा कर्ता पुरुष कामावर असेल. उत्तरे देणार आजी किंवा सूनबाई. तेव्हा त्यांना सर्व आधी समजावून ठेवा. दुसरे, आडनाव ऐकून धर्माचा रकाना कोणी परस्पर भरत असेल तर नम्रपणे थांबवा. तुम्ही सांगाल तोच धर्म लिहिणे हे त्यांचे काम आहे. तिसरे, जातीचा दाखला कोणी मागणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने प्रत्येकाची माहिती गुप्त राहते, म्हणून घाबरू नका. चौथे, मुलगा कामासाठी कायमचा मुंबईला किंवा सातपूरला राहत असेल तर त्याची गणती तिथे व्हायची. त्यालाही फोन करून सांगा.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीतल्या पाच-पाच घरांची जबाबदारी घ्यावी. आजोबांनी १९६१ साली न लिहिता-वाचता जे केले, ते आपल्याला जमण्यासारखे आहे.