वाचकांचा कौल : गुन्हेगार कोण, तारणहार कोण?



नववीतला मुलगा अभ्यासाच्या पुस्तकात रहस्यकथा आणि कॉमिक्स दडवून वाचतो, त्याला हे वाचू द्यावे का, असा प्रश्न आर्वीच्या एका माउलीने विचारला होता. मजुरी करून मुलाला शिकवणाऱ्या आईचा हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवला. जिल्ह्यातून बरीच पत्रे आली.

हिंगणघाटचे एक निवृत्त गिरणी कामगार लिहितात की, शाळा चौथीत सुटली, पण रातपाळीहून आल्यावर बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' वाचल्याशिवाय झोप येत नसे. वाचनाची सवय त्यानेच टिकवली. देवळीच्या एका भगिनीला लहानपणी भुताची फार भीती. एका रहस्यकथेत शेवटी भूत म्हणजे चादर पांघरलेला माणूस निघाला, तेव्हापासून त्यांनी अंगारे-धुपारे सोडले. पुलगावच्या एका गुरुजींचे मत मात्र उलट आहे. एवढ्या वेळात बाबासाहेबांचा एखादा ग्रंथ वाचून होईल, असे ते म्हणतात.

गुरुजींची तळमळ खरी आहे. पण गोडी लागल्याशिवाय ग्रंथापर्यंत कोणी पोचत नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि असंख्य साध्या माणसांना पुस्तक हाती धरायला लावले. शिवाय चांगला गुप्तहेर ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, पुरावा मागतो. केवळ ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच.

तरी एक सावधगिरी हवी. अनेक स्वस्त पुस्तकांत गुंड नेहमी काळा, दांडगा, झोपडपट्टीत राहणारा असतो आणि शेटजींची तिजोरी वाचली की गोष्ट संपते. आपल्या वस्तीतल्या पोराने ते वाचून स्वतःला काय समजावे? १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण संशयाची नजर अजून गेलेली नाही. अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहून या नजरेला उत्तर दिले. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा सरकारच्या दप्तरी गुन्हेगार आणि गोरगरिबांचा आधार. ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

आता कॉमिक्स. १९६४ साली सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने वेताळाला मराठी घरांत आणले. वेताळ शूर खरा. पण तो गोरा, आणि जंगलातली काळी माणसे त्याच्या आसऱ्याला! तो अमर आहे असे ती मानतात. खरे तर बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि असा हा एकविसावा वेताळ. म्हणजे गादी जन्माने मिळते आणि लोकांचे अज्ञान तिला सांभाळते. हा प्रकार आपल्या ओळखीचा नाही का? देव अवतार घेतो ही कल्पना आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात नाकारली. मग मुखवट्यातला अवतार तरी कशाला?

दोष चित्रांचा नाही. बाबासाहेबांचे चरित्रही चित्रकथेत आले आहे. २०११ सालच्या 'भीमायन'ची चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी काढली.

तेव्हा ताई, मुलाच्या हातचे पुस्तक हिसकावू नका. तो चोरून वाचेल, एवढेच होईल. अभ्यास झाल्यावर उघडपणे वाचू द्या आणि वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा : यात गुन्हेगार कोणाला ठरवले आणि का? संकटातून सोडवले कोणी, आणि बाकीची माणसे तेव्हा काय करत होती? मोबाईलवरच्या सिनेमालाही हेच प्रश्न लागू आहेत. पुढे 'फकिरा' त्याच्या हाती द्या.

२० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर आकाशातून कोणी उतरले नव्हते. बाबासाहेबांसोबत हजारो साधी माणसे चालत गेली आणि स्वतःच्या ओंजळीने पाणी प्याली. ही गोष्ट मुलाला ठाऊक असली, तर वेताळ त्याचे काही बिघडवणार नाही.

आपले मत जरूर कळवा. जयभीम!