नियमांत न लिहिलेली जागा: पिकलबॉलमधल्या ‘चेनसॉ सर्व्ह’चं लॉजिक

पिकलबॉलचे रील्स तुमच्या फीडमध्ये येत असतील, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. इथे सर्व्हवर थेट पॉइंट फारसे मिळत नाहीत. नियमच तसे आहेत. नेहमीची सर्व्ह कमरेखालून मारायची. शिवाय सर्व्ह आणि तिचा रिटर्न, दोन्ही चेंडू टप्पा पडल्यावरच खेळायचे. त्यामुळे रिटर्न करणारी जोडी आधी नेटजवळ पोहोचते आणि सर्व्ह करणारे मागे अडकतात. गंमत म्हणजे, पारंपरिक स्कोअरिंगमध्ये पॉइंट फक्त सर्व्ह करणाऱ्यांनाच मिळतो!

ही अडचण अमेरिकेच्या झेन नवरातिलनं वेगळ्या बाजूनं सोडवली. हा मूळचा कॉलेज टेनिसपटू, नंतर अकाउंटंट, आणि मग नोकरी सोडून पूर्णवेळ पिकलबॉल प्रो. 2021 मध्ये त्याची ‘चेनसॉ सर्व्ह’ गाजली. लाकूड कापायची चेनसॉ सुरू करताना आपण दोरी झटक्यात खेचतो ना, तशी ती दिसते, म्हणून हे नाव. चेंडू पॅडलवर घासत सोडायचा, म्हणजे फटका बसायच्या आधीच तो गरगर फिरत असतो.

यात एवढं काय?

समोरचा खेळाडू स्पिन ओळखतो तो मुख्यतः पॅडल कसं फिरलं यावरून. पण इथे स्पिन आधीच भरलेला. डोळ्यांना दिसतो एक स्विंग, आणि टप्पा पडल्यावर चेंडू वळतो भलतीकडेच. म्हणजे झेननं जोर वाढवला नाही, समोरच्याला मिळणारी माहितीच बिघडवली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला यात ओळखीचा प्रकार दिसतो. नियमांत पॅडल कसं फिरवायचं, चेंडू कुठे मारायचा हे सगळं होतं. पण चेंडू सोडताना त्याला किती फिरवायचं, यावर बंधन नव्हतं. टेस्टिंगमध्ये आपण अशाच जागा शोधतो. त्यानं नियम मोडला नाही, नीट वाचला.

मग पॅच आला

यूएसए पिकलबॉलनं 2022 मध्ये पॅडल घासून स्पिन द्यायला बंदी केली, पण एका हाताच्या बोटांनी फिरवायची मुभा ठेवली. अर्धाच पॅच! खेळाडूंनी बोटांनी स्पिन द्यायचा सराव केला. शेवटी 2023 मध्ये तीही वाट बंद झाली.

हुशारीची शिक्षा झाली, असं मला आधी वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. हेच नियमपुस्तक रविवारी सकाळी खेळणारे हौशी लोकही वापरतात. सर्व्हच परत गेली नाही तर रॅली होत नाही, आणि हा खेळ लोकांना आवडतो तो रॅलीसाठीच. एका फीचरमुळे बाकीच्या युजर्ससाठी ॲपच चालेनासं झालं, तर ते फीचर काढावं लागतं.

वाद मात्र संपलेला नाही, तो आता पॅडलवर आलाय. पृष्ठभाग किती खरखरीत असावा यावर मर्यादा आहेच, आणि 2024 पासून पॅडल चेंडूला ट्रॅम्पोलिनसारखं किती उसळवतं, याचीही चाचणी होते. प्रश्न तोच आहे: कौशल्य कुठे संपतं आणि पळवाट कुठे सुरू होते? ते ठरवायला आधी कुणीतरी ती पळवाट शोधावी लागते. झेननं तेच काम केलं.