गारा पडतात, दव गोठतं; मग आपल्याकडे बर्फ का पडत नाही?

छत्रपती संभाजीनगर : अवकाळीचा तडाखा बसला की मोबाइलवर व्हिडीओ फिरतो, 'मराठवाड्याचं काश्मीर झालं!' रान पांढरं दिसतं खरं, पण तो बर्फ नाही, गारा आहेत. हा फरक कळला पाहिजे, कारण पीक वाचवायची तयारी त्यावर ठरते.

बर्फ भुरभुरत जमिनीपर्यंत यायचा तर ढगापासून खालपर्यंत हवा शून्य अंशाच्या आसपास लागते. आपल्याकडे शून्याचा थर साधारण चार किलोमीटरच्या वर असतो. क्रांती चौक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या जवळपास, राज्यातलं सर्वात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे वर बर्फ झाला तरी वाटेतच वितळून पाऊस होतो. शिवाय आपली कडाक्याची थंडी निरभ्र आभाळात पडते. ढग आले की रात्रीचा पारा चढतो.

गारेचं उलटं आहे. जमीन तापते, गरम हवा जोरात वर जाते आणि पाण्याचे थेंब शून्याखालच्या थरात नेते. गारेवर थर चढत जातात. जड झाली की ती इतक्या वेगात पडते, की वितळायला वेळच मिळत नाही. म्हणून ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने ती भोगली.

तिसरा प्रकार गोठलेल्या दवाचा. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा २ अंशांखाली गेला होता. तापमापक माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असतो. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री जमीन आणि पानं त्याहून दोन-चार अंश जास्त गार होतात. म्हणून बातमीत ३-४ अंश असले तरी पानावर दव गोठू शकतं. अशा वेळी आदल्या दिवशी पाणी द्यावं. ओली जमीन दिवसाची ऊब धरते आणि रात्री हळूहळू सोडते. द्राक्षवाले बागेत शेकोट्याही पेटवतात.

गारपिटीचं नुकसान लगेच दिसतं, त्यामुळे गाव पंचनाम्याला धावतं. थंडीनं करपलेलं पान दोन-चार दिवसांनी काळं पडतं आणि नोंद राहून जाते. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपिटीसोबत थंडीची लाट आणि गोठलेलं दवही आहे. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदतीचा निकष लागतो. तेव्हा तारखेचा फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. क्रांती चौकात आंदोलनाला उभं राहायची वेळ आली, तरी हातात कागद असलेला बरा.